एच.आय.व्ही.ची चाचणी आणि शुश्रूषा : सेवकवर्गाला शिकवताना

(सभागृहात दिलेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून तयार केलेला मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारले, ‘हा विषय आपल्या सभागृहात कशाला?’ त्यांना मी एवढेच म्हटले की, प्रथम या सभागृहात बसलेल्या भगिनींकडे पाहा. आपल्या समाजाचे रुग्णसेवेशी नाते जुने आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळला, हे आपण अभिमानाने सांगतो. येथे, इस्राएलातही, आपल्यापैकी कितीतरी जणी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत काम करून नुकत्याच घरी आलेल्या असतील. हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

येथे येण्यापूर्वी मी मुंबईत परिचारिका होते आणि शेवटची बारा वर्षे रुग्णालयांतील सेवकवर्गाला एच.आय.व्ही.ची चाचणी व शुश्रूषा शिकवीत असे. भारतात या विषाणूचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासमध्ये मिळाला. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधोपचार सुरू झाला तो १ एप्रिल २००४ रोजी. प्रारंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. मधल्या अठरा वर्षांत सेवकवर्गाच्या मनात जे घट्ट बसले ते भयच होते, कारण रुग्णाला देण्यासारखे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. औषधे आली, पण भय मागे राहिले. आमचे खरे काम तेथे होते.

वर्गात डॉक्टर औषधांविषयी विचारीत, सिस्टर नोंदवह्यांविषयी विचारीत. खरा प्रश्न मागच्या बाकावरून येई. वॉर्डातील मावशी विचारीत, ‘बाई, त्यांची चादर उचलली तर आम्हाला होईल का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेणारा शिक्षक पुढे काहीही शिकवू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी त्यांना आकडे सांगत असे. बाधित रक्ताची सुई टोचली, तरी एच.आय.व्ही. होण्याचा संभव साधारण हजारात तीन. तीच सुई कावीळ ‘ब’च्या रुग्णाची असेल आणि आपण लस घेतलेली नसेल, तर हा संभव शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. चादर रक्ताने भिजलेली असेल तर हातमोजे घालून उचलायची, मग ती कोणाचीही असो. आणि गंमत पाहा, कावीळ ‘ब’ची लस उपलब्ध असूनही ती घेण्यासाठी मात्र सेवकांच्या मागे लागावे लागे.

एका रुग्णालयात – नाव सांगत नाही – अशा रुग्णाच्या केसपेपरवर लाल खूण करीत आणि त्याची खाट अगदी कोपऱ्यात, संडासाजवळ ठेवीत. ‘आमच्या सुरक्षिततेसाठी’ असे कारण देत. मी फळ्यावर सलाईन लावण्याच्या सर्व पायऱ्या क्रमाने लिहिल्या आणि विचारले, ‘रुग्ण एच.आय.व्ही.बाधित असेल तर यांतील कोणती पायरी बदलेल?’ कोणी म्हणाले, दोन हातमोजे. सुई दोन्ही मोज्यांतून जाते. कोणी म्हणाले, सुईला टोपण परत लावणार नाही. मग इतरांच्या सुईला का लावता? ज्याची चाचणीच झाली नाही, किंवा संसर्ग इतका नवा आहे की चाचणीत अजून दिसत नाही, त्याच्या केसपेपरवर तुमची लाल खूण कोठून येणार? ती खूण पाहून आपण एका खाटेपाशी सावध होतो आणि उरलेल्या खाटांपाशी बेफिकीर. इकडे त्या एका माणसाचे गुपित पाहुण्यांपासून चहावाल्यापर्यंत पोहोचते.

चाचणीविषयी थोडक्यात सांगते. रुग्णाला समजावून, त्याची संमती घेऊनच रक्त घ्यायचे. पहिल्या चाचणीत दोष दिसला म्हणजे निदान झाले असे नव्हे. वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्याशिवाय आम्ही तो शब्द उच्चारत नसू. निकाल प्रथम त्या व्यक्तीलाच, आणि एकांतात. बायकोचा कागद नवऱ्याच्या हाती देणे ही आपल्याकडची सर्रास रीत होती. २०१७ च्या भारतीय कायद्याने संमती आणि गुप्तता बंधनकारक केली, ते फार बरे झाले. परंतु कायदा वॉर्डात शिरतो तो सेवकाच्या सवयीतूनच. निकाल सांगण्याचा सराव आम्ही वर्गात जोडीजोडीने करून घेत असू. सर्वांत अवघड जाई ते सांगून झाल्यावर गप्प बसणे. समोरचा माणूस निःशब्द झाला की आपल्याला उपदेश सुचू लागतो.

आता सुई टोचण्याविषयी. एका तरुण वॉर्डबॉयला कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली. तो कंत्राटी होता. नोकरी जाईल या धास्तीने तो गप्प राहिला आणि चौथ्या दिवशी बोलला. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर बहात्तर तासांत सुरू करायचे असते आणि अठ्ठावीस दिवस घ्यायचे असते. त्याची वेळ टळून गेली होती. पुढे त्याच्या चाचण्या निर्दोष आल्या, पण त्याच्या आईने काढलेले ते महिने मी पाहिले आहेत. त्यानंतर मी प्रत्येक वर्गाला मुकादम आणि मेट्रन यांनाही बोलावू लागले. सुई टोचलेल्याला पहिला प्रश्न ‘कशी टोचली?’ असा होता कामा नये, ‘केव्हा टोचली?’ असा हवा.

हे केवळ मुंबईचे आहे असे समजू नका. १९९६ च्या जानेवारीत याच देशात उघड झाले की, इथियोपियाहून आलेल्या आपल्या बांधवांनी दिलेले रक्त त्यांना न सांगता फेकून दिले जात होते. जेरुसलेममध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला माजी राष्ट्राध्यक्ष यित्झाक नावोन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ती लाल खूण एका केसपेपरवर असायची. ही एका समाजावर होती.

आज नियमित औषध घेणाऱ्या आणि रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका खाली आलेल्या व्यक्तीपासून शरीरसंबंधातूनही संसर्ग होत नाही. असे रुग्ण आता साठी-सत्तरी गाठत आहेत. उद्या ते तुमच्या वृद्धाश्रमात येतील, कोणाला अंघोळ घालायची असेल, कोणाला भरवायचे असेल. त्या कामांसाठी एच.आय.व्ही.च्या कारणाने वेगळे हातमोजे, वेगळे ताट, वेगळी खोली यांपैकी काहीही लागत नाही. मुकादमाने लागते म्हटले, तर कोणत्या नियमाने, हे विचारा.

सुई टोचल्यास काय करावे, याचा मराठी कागद मी तयार केला आहे. साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका, वरिष्ठांना कळवा आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, एवढाच मजकूर त्यावर आहे. प्रती दारापाशी मेजावर आहेत. ज्यांना सर्वांसमोर प्रश्न विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी मी चहानंतर मागच्या खोलीत बसणार आहे.