रानांतील शाळा आणि रानांतील घर

शहरांत राहणारें सुशिक्षित कुटुंब जेव्हां नवें घर पाहूं लागतें, तेव्हां भाडें किती आणि पाणी किती वेळ येतें या प्रश्नांच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न हटकून विचारला जातो. तो म्हणजे मुलांची शाळा तेथून किती लांब आहे? घर आणि शाळा या दोन गोष्टी त्या कुटुंबाच्या मनांत निराळ्या नसतातच. शाळा सोयीची नसेल तर घर बदलतां येतें. घर बदलणें शक्य नसेल तर शाळा बदलतां येते. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असा एक मुलूख आहे कीं, तेथील बहुतेक कुटुंबांना हे दोन्ही मार्ग बंद आहेत. तेथें शाळेलाच घरापाशीं जावें लागतें; आणि शाळा गेली नाहीं, तर मूल घरीं राहतें. त्या मुलखाचें नांव मुलचेरा.

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यांतील एक तालुका होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वीं हा सारा प्रदेश जुन्या चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. चपराळ्यापाशीं वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या एकत्र होतात व प्राणहिता हें नांव धारण करून दक्षिणेस गोदावरीकडे जातात. त्या संगमाच्या पूर्वेस साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचें रान पसरलें आहे. या रानांत गोंड व माडिया लोकांचीं जुनीं गांवें आहेत, आणि त्यांतील कित्येक गांवें म्हणजे थोड्याशा घरांचे टोलेच होत. पावसाळ्यांत नाले भरून वाहूं लागले कीं, एका टोल्याचा दुसऱ्या टोल्याशीं असलेला संबंध तुटतो.

याच रानांत विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतिग्राम अशीं नांवें ऐकूं येतात, तेव्हां नव्या माणसास आश्चर्य वाटतें. हीं गांवें बंगाली निर्वासितांचीं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांचें पुनर्वसन करण्यासाठीं १९५८ सालीं दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. त्याचें मुख्य क्षेत्र बस्तर व कोरापुट या बाजूस होतें. पुढें १९६० नंतरच्या काळांत चांद्याच्या रानांतहि अशा वसाहती वसविण्यांत आल्या. मोठ्या नद्यांच्या कांठीं वाढलेलीं माणसें सागाच्या सांवलींत येऊन राहिलीं व तेथें त्यांनीं भाताचीं शेतें उभीं केलीं. अशा वसाहतींच्या मुळाशीं असलेली कल्पना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्याचें सर्वस्व गेलें आहे त्यास केवळ छप्पर देऊन भागत नाहीं; घराची जागा, कसावयास शेत, प्यावयास पाणी आणि मुलांना शाळा या साऱ्यांचा विचार एकाच वेळीं करावा लागतो, ही ती कल्पना. निर्वासितांच्या बाबतींत जें सरकारला सहज सुचलें, तें रानांतील मूळ रहिवाशांच्या बाबतींत मात्र सुचावयास फार काळ लागला.

शाळेचा इतिहास घराच्या इतिहासापेक्षां पुष्कळ जुना आहे. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करतांना महात्मा जोतीराव फुले यांनीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, तेव्हां तिच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली होती. पुढच्याच वर्षीं, १८८३ सालीं, मध्यप्रांतांत स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला, आणि गांवची शाळा ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे हें तत्त्व हळूहळू रुजलें. १९४८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत जनपद सभांचा प्रयोग झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं आल्या. रानांतील मुलानें पाहिलेलें सरकार म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेचा शिक्षकच होय; तहसीलदार त्याला नंतर दिसतो.

घराकडे मात्र स्थानिक संस्थांची दृष्टि फार उशिरां वळली. ग्रामीण गरिबांना घरासाठीं सरकारी साह्य देणारी इंदिरा आवास योजना १९८५ सालीं सुरू झाली. २०१६ सालीं तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनें घेतली. या नव्या योजनेंत घर किमान २५ चौरस मीटरचें असावें, व त्यासाठीं मैदानी भागांत १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १,३०,००० रुपये द्यावे, असें ठरलें. आदिवासी कुटुंबांसाठीं राज्य सरकारची शबरी घरकुल योजनाहि आहे. या योजनांत सरकार स्वतः घर बांधीत नाहीं. ग्रामसभेंत यादी वाचली जाते, पंचायत समितींत तिची छाननी होते आणि मग पैसे हप्त्याहप्त्यानें कुटुंबाच्या खात्यांत जमा होतात. जोतें झालें कीं एक हप्ता, भिंती चढल्या कीं दुसरा. बांधणारें कुटुंब असतें. पंचायत केवळ मोजमाप घेते. परंतु या साऱ्या व्यवहारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कुटुंबाजवळ घर बांधावयास स्वतःची जागा आहे.

रानांत नेमकी हीच गोष्ट गृहीत धरतां येत नाहीं. तेथें अंगणाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलें कीं वनखात्याची हद्द लागते. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनभूमीवर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा तेथें राहण्याचा व जमीन कसण्याचा हक्क मान्य केला. आदिवासी नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. १९६० नंतर आलेल्या निर्वासितांस ही अट पुरी करणें अशक्यच. त्याच कायद्यांत गांवाच्या सोयींसाठीं वनभूमि देण्याची एक तरतूद आहे. ग्रामसभेनें शिफारस केल्यास एक हेक्टरपेक्षां कमी वनभूमि तेरा प्रकारच्या कामांसाठीं मिळूं शकते. त्या तेरा कामांत पहिलें नांव शाळेचें आहे. मागून दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचें दुकान, तळें, रस्ता अशीं नांवें येतात. त्या यादींत सारें कांहीं आहे, परंतु घर नाहीं.

याचा अर्थ असा झाला कीं, रानांत शाळा उभारतां येत होती, पण त्या शाळेंत येणाऱ्या मुलाच्या थोरल्या भावाचें लग्न झाल्यावर त्याला शेजारीं वेगळी चूल मांडावयास जागा मिळत नव्हती. एका घरांत किती पिढ्या आणि किती बिऱ्हाडें मावणार? मग वाढतीं कुटुंबें गांव सोडतात. ही उणीव ध्यानांत येण्यास चौदा वर्षें लागलीं. सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्राच्या राज्यपालांनीं घटनेच्या पांचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रांपुरती त्या कायद्यांत दुरुस्ती केली, व वनवासी कुटुंबांना गांवालगतच्या वनभूमीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली. कुटुंबांचें गांवाबाहेर जाणें थांबावें, हा तिचा एक हेतु होता. शाळेवांचून घर जसें अपुरें, तशीच घरावांचून शाळाहि अपुरी, हें कायद्यानें अशा रीतीनें उशिरां कां होईना मान्य केलें.

घरांची संख्या आणि शाळेचें आयुष्य यांचा संबंध किती निकटचा आहे, हें आणखी एका गोष्टीवरून दिसून येतें. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असा नियम आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे, असेंहि ठरलें आहे. परंतु २०२३ सालीं राज्याच्या शिक्षणखात्यानें वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यांतील पानशेत येथील शाळा त्यासाठीं नमुना म्हणून पुढें ठेवण्यांत आल्या. मोठ्या शाळेंत शिक्षक अधिक, ग्रंथालय चांगलें, खेळगडी पुष्कळ, हा त्यामागील विचार अगदींच चुकीचा नाहीं. पण पंधरा घरांच्या टोल्यांत वीस मुलें आणावयाचीं कोठून? तेथील शाळा आज लहान नसून जन्मापासूनच लहान आहे. ती उचलून दहा मैलांवर नेली, तर मोठीं मुलें कदाचित् गाडींतून जातील. सहा वर्षांची मुलगी मात्र भरल्या नाल्याच्या कांठीं उभी राहील. आश्रमशाळा हा दुसरा उपाय आहे, आणि त्यानें पुष्कळ मुलें शिकलीं हेंहि खरें. तथापि त्या उपायांत मूल शाळेजवळ यावें म्हणून तें घरापासून दूर न्यावें लागतें.

मुलाचें घर कधीं कधीं वर्षांतून कांहीं महिने कुलुपबंदहि असतें. भाताची कापणी आटोपली कीं, गडचिरोलीच्या दक्षिण भागांतील कित्येक कुटुंबें मिरची तोडावयास तेलंगणांत जातात. आईबापांबरोबर मूल गेलें, तर जानेवारींत हजेरीपटावरील त्याच्या नांवापुढें रेघा पडूं लागतात. पण त्याच घरांत एखादी आजी मागें राहिली, छप्पर गळत नसलें आणि धान्याची कणगी भरलेली असली, तर मूलहि मागें राहतें व त्याचें शिक्षण सुटत नाहीं. घरकुलाच्या विटा येथें शिक्षणाच्याच कामीं येतात. शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमानें, आपल्या हद्दींत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणें व स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस शाळेंत प्रवेश मिळवून देणें, हीं स्थानिक संस्थेचीं कर्तव्यें म्हणून सांगितलीं आहेत.

घर आणि शाळा यांच्यामध्यें आणखी एक अंतर आहे, आणि तें मैलांत मोजतां येत नाहीं, तें भाषेचें. घरांत मूल गोंडी, माडिया, तेलुगु किंवा बंगाली बोलतें, आणि शाळेंत त्याच्यापुढें बहुधा मराठी पुस्तक येतें. घटनेच्या ३५० क या कलमांत, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें यासाठीं राज्यानें व प्रत्येक स्थानिक संस्थेनें झटावें, असें स्पष्ट म्हटलें आहे. निर्वासितांच्या गांवीं बंगाली शिकविण्याची सोय झाली. बंगालीस लिपि होती, पुस्तकें होतीं. गोंडीच्या वांट्याला तें भाग्य आलें नाहीं. २०१९ सालीं धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पुढें परवानगीच्या प्रश्नावरून ती अडचणींत आली. ज्या कामासाठीं घटनेनें स्थानिक संस्थेस झटावयास सांगितलें, तें काम एका गांवानें आपण होऊन हातीं घेतलें, ही गोष्ट तरी विसरतां येणार नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेनें कामकरी लोकांसाठीं हजारों घरें बांधलीं. १९३० सालीं खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या तेथील प्रचंड इमारतींत १,३८२ बिऱ्हाडें होतीं. परंतु त्याच आवारांत बालवर्ग, धुलाईघरें आणि वाचनालय यांचीहि योजना केलेली होती. नगरपालिकेजवळ पैसा होता, हें एक कारण. पण घराचा नकाशा आणि बालवर्गाचा नकाशा एकाच मेजावर उघडला गेला, हें त्याहून मोठें कारण होय. मुलचेऱ्यास व्हिएन्नाचा पैसा मिळणार नाहीं. तें एक मेज मात्र मिळूं शकतें.

किंबहुना तें मेज कायद्यानें अगोदरच मांडून ठेवलें आहे. १९९६ सालच्या पेसा कायद्याप्रमाणें अनुसूचित क्षेत्रांत गरिबी निवारणाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेस आहे. म्हणजे घरकुलाची यादी तिच्या हातीं आहे. शाळेसाठीं वनभूमि मागण्याची शिफारस करणारीहि तीच. मुलांची नोंदवही पंचायतीनें व शाळेनें ठेवावयाची आहे. मग घरांची यादी आणि मुलांची नोंदवही या दोन वह्या एकाच बैठकींत, एकीशेजारीं दुसरी ठेवून, मोठ्यानें वाचल्या जाव्या, एवढेंच करावयाचें उरतें. कोणत्या घरांत शाळेच्या वयाचीं मुलें आहेत आणि छप्पर गळतें, कोणतें कुटुंब हिवाळ्यांत बाहेर जाणार, कोणत्या टोल्यांत चार नवीं घरें दिलीं असतां शाळेचा पट टिकेल, या प्रश्नांचीं उत्तरें जिल्ह्याच्या कचेरींत मिळणार नाहींत. तीं मोहाच्या झाडाखालीं बसलेल्या माणसांना तोंडपाठ असतात.

खुद्द मुलचेरा गांवाची गोष्ट याच ठिकाणीं विचार करावयास लावते. २०१५ सालीं तालुक्याचें ठिकाण म्हणून तेथें नगरपंचायत झाली. गांवाची प्रतिष्ठा वाढली. परंतु नगरपंचायतीच्या हद्दींत ग्रामसभा उरत नाहीं. घरकुलाचा अर्ज आतां नगरपंचायतीकडे जातो, तर शाळेचा शिक्षक जिल्हा परिषदेकडून येतो. ज्या वह्या एका मेजावर यावयाच्या, त्या दोन कचेऱ्यांत गेल्या. नगरसेवकांनीं व शिक्षकांनीं वर्षांतून एकदां त्या आपण होऊन एकत्र आणल्या, तर त्यांना कोणताहि कायदा आड येणार नाहीं. शहरांतील कुटुंब नवें घर पाहतांना जो प्रश्न पहिल्याच भेटींत विचारतें, तोच प्रश्न मुलचेऱ्याच्या मुलाच्या वतीनें कोणीं तरी विचारावयास हवा. तो ज्या सभेंत विचारला जाईल, त्या गांवीं घरहि टिकेल आणि शाळाहि टिकेल.