बसकी गाडी आणि शाफ्टचे कोन

1979 ते 1993 मधल्या फोर्ड मस्टँगसारखी, मागच्या चाकांना ताकद देणारी, सलग ॲक्सलची गाडी खाली बसवली आणि हायवेवर घरघर सुरू झाली, की पहिला आळ गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या शाफ्टच्या बॅलन्सवर येतो. माझ्या मते आधी शाफ्टचे कोन तपासावेत. मस्टँगचा मागचा ॲक्सल धरणारे वरचे आणि खालचे आर्म सारख्या लांबीचे नाहीत. स्प्रिंग बुटक्या केल्या की ॲक्सल किंचित फिरतो आणि पिनियनचं, म्हणजे ॲक्सलमध्ये शाफ्टची ताकद घेणाऱ्या दातेरी चाकाचं, तोंड हलतं. शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट वाकून फिरताना दर फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. 3 अंशांना हा फरक दोन्ही बाजूंना 0.14 टक्के, 6 अंशांना दुप्पट नव्हे, चौपट, 0.55 टक्के. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 100 हिसके! गिअरबॉक्सचा आस आणि पिनियन समांतर ठेवले, तर मागचा जॉइंट पुढच्याचा हिसका खोडून काढतो.

कोणी म्हणेल, मग कोन शून्यच करा. पण तसं केलं तर जॉइंटमधले बारीक रोलर फिरत नाहीत, एकाच जागी मार खाऊन खळगे पाडतात. निदान अर्धा-एक अंश हवाच. समांतरच ठेवायचं, तर पिनियन एक-दोन अंश खाली का झुकवतात? कारण ॲक्सिलरेटर दाबला की आर्मच्या टोकांचे बुश दबतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. रबरी बुशांना खाली झुकवण्याची ही सूट जास्त, कडक बुशांना कमी. मापं मात्र गाडीचं वजन चाकांवर असतानाच घ्यावीत. लोंबकळत्या ॲक्सलवरचं माप फुकट.