एक केबल, अनेक वाटा



आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात नेटवर्कचे तीन स्विच आहेत असं धरा.
ऑफिसात एक, लॅबमध्ये एक, ग्रंथालयात एक.
तिन्ही केबलने गोल जोडलेले.
एक केबल तुटली, तरी काम अडू नये म्हणून.

पण या गोलातच धोका आहे.
सगळ्यांना पाठवलेला संदेश त्यात फिरतच राहतो.
क्षणात नेटवर्क ठप्प!

१९८५ साली रेडिया पर्लमन यांनी उपाय शोधला… स्पॅनिंग ट्री.
स्विच आपसात एक मुख्य स्विच निवडतात.
आणि गोलातली एक वाट अडवून ठेवतात.
केबल तुटली, की ती वाट आपोआप खुली होते.

मात्र एरवी अडवलेली केबल पडूनच.

म्हणून सिस्को कंपनीने प्रत्येक व्हीलॅनला वेगळा ट्री दिला.
व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क.
ऑफिसच्या व्हीलॅनसाठी ऑफिसचा स्विच मुख्य.
विद्यार्थ्यांच्या व्हीलॅनसाठी लॅबचा.
मग ग्रंथालयातून ऑफिसचं काम एका केबलने जातं,
विद्यार्थ्यांचं दुसरीने.
पुन्हा सांगते… प्रत्येक व्हीलॅनला वेगळा ट्री.

ज्याचा प्राधान्य क्रमांक लहान, तो स्विच मुख्य.
हा क्रमांक स्वतः ठरवून द्या.
नाहीतर कोपऱ्यातला जुनापुराणा स्विचही मुख्य होऊन बसतो.