ढगात किती व्होल्ट? म्युऑनला विचारा

हे ऐकताय तेवढ्यात तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातोय. अवकाशातले वैश्विक किरण वर हवेवर आदळतात, त्यातून हे कण तयार होतात.

आता समजा, एक डिटेक्टर सांगलीत ठेवला आणि तसाच दुसरा महाबळेश्वरला. महाबळेश्वरचा आकडा जास्त येणार. आकाश तेच, पण तिथं डोक्यावरची हवा कमी. अहो, सांगलीतल्या सांगलीतसुद्धा हवेचा दाब वाढला की आकडा उतरतो. म्हणून मॉडेल लागतं: हवेत कणांचं काय झालं, छपरात किती अडले, यंत्रानं किती पकडले. संगणकावर लाखो कण सोडून हे बघतात.

मुंबईच्या टीआयएफआरचा उटीला ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे. (तासगावच्या द्राक्षांशी संबंध नाही बरं का!) तिथं ५६० चौरस मीटरवर ३७१२ पोलादी नळ्या आहेत आणि वर काँक्रीटचा जाड थर. कमी ऊर्जेचे म्युऑन त्या काँक्रीटमध्येच अडकतात.

१ डिसेंबर २०१४ ला उटीवर गडगडाटी ढग आला आणि १८ मिनिटं म्युऑन सुमारे २ टक्क्यांनी घटले. का? म्युऑनमध्ये धन विद्युतभाराचे जास्त, ऋण कमी. ढगातल्या विद्युतक्षेत्रानं धन म्युऑनची ऊर्जा खाल्ली, ऋणांची वाढवली. धन जास्त, म्हणून एकूण आकडा पडला. मग शास्त्रज्ञांनी मॉडेल उलटं चालवलं: २ टक्के घट व्हायला ढगात किती व्होल्ट हवेत? उत्तर आलं १३० कोटी! २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बलून सोडून आधी मिळालेला सगळ्यात मोठा आकडा याच्या दहाव्या भागाएवढा होता. पण एक सांगतो, हे १३० कोटी थेट मोजलेले नाहीत, मॉडेलमधून काढलेत. ढगातलं क्षेत्र एकसारखं धरलंय, खऱ्या ढगात ते तसं नसणार.

आपल्याकडे वळवाचे ढग काही कमी गडगडत नाहीत. मग सांगलीत तळहाताएवढा डिटेक्टर लावून हे दिसेल? नाही. १८ मिनिटांत जेमतेम हजारभर म्युऑन मिळतील आणि तेवढ्यात ३ टक्क्यांचा चढउतार आपोआपच होतो. २ टक्के त्यात बुडून जातील. सांगली-महाबळेश्वरचा फरक मात्र दोन्हीकडे तासभर मोजलं तरी दिसायला हवा. फक्त दोन्हीकडे छप्पर सारखं हवं. आणि बऱ्याच फोनमध्ये दाबमापक असतो, त्याची नोंद दर दहा मिनिटांनी घेत चला.