सहीमागचा हिशेब



पुनावळे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. जवळच हिंजवडीची संगणक-नगरी वाढली, मुंबई-बंगळूर महामार्ग शेजारून गेला आणि पिकावरून जोखले जाणारे रान गुंठ्याच्या भावाने बोलले जाऊ लागले. पैसा आला, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ऊन सोसलेल्यांच्या दारात चारचाकी उभी राहिली, तर बिघडले कुठे?

परंतु एकाच घरात या पैशाचे अर्थ निरनिराळे लावले जातात. आजोबांना सातबाऱ्यावरील नाव हीच प्रतिष्ठा. कितीही रक्कम आली तरी रान गेल्याची रुखरुख जात नाही. मुलाला ते भांडवल वाटते, नातवाला आजचे सुख. सुनेला मुलांच्या शिक्षणासाठी ठेव हवी असते आणि तिचे मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. हे सारे लोभी नसतात. प्रत्येकाची धास्ती निराळी असते.

खरी ठिणगी पडते ती मुलीच्या सहीवरून. हक्कसोडपत्र पुढे करताना माहेरपणाची, भाऊबीजेची भाषा सुरू होते. व्यवहाराचा आकडा मात्र सांगितला जात नाही. वास्तविक महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सा दिला. २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट उरली नाही. त्या दिवशी वडील हयात असणेही आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री तेवढ्या कायम राहिल्या.

म्हणजे बहीण मागते तो आहेर नव्हे. तिने हक्क सोडला तर ते तिचे दातृत्व. पण आपण काय देत आहोत, हे दात्याला ठाऊक नको का? भावांचीही बाजू आहे. वृद्धांची शुश्रूषा, सोसायटीचे कर्ज, नापिकीची वर्षे त्यांनीच निभावलेली असतात. तो खर्च उघडपणे लिहून मांडावा.

विसार घेण्यापूर्वी सर्व भावंडांना आणि सुनांना एकत्र बसवून सातबारा, फेरफार व ठरलेली रक्कम पुढे ठेवावी. आई-वडिलांच्या हयातभराची तरतूद त्यांच्याच नावे आधी बाजूला काढावी. मग चर्चेत आवाज चढला तरी चालेल. बहिणीला कागद नोंदणीच्या आधी वाचायला मिळावा आणि तिला वाटल्यास तिने स्वतःचा वकीलही सोबत आणावा.