घराच्या भिंती आणि किरणोत्सर्ग

(चोपडा येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागे एका शाळेस भेट दिली असता एक माता मला भेटावयास आली. ग्रॅनाइटमधून घातक किरणे निघतात, असे तिच्या मुलीने वर्गात ऐकले होते. पैपै साठवून बांधलेला स्वयंपाकाचा ओटा आता फोडावा काय, असा तिचा प्रश्न होता. शास्त्राचे अर्धेच वाक्य शाळेतून घरी गेले म्हणजे असे होते. उरलेले अर्धे आज आपणांपुढे मांडतो.

माती, दगड व विटा यांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अत्यल्प प्रमाणात असतात व त्यांतून किरणोत्सर्ग होत असतो. जगात माणसाला निसर्गाकडून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. ग्रॅनाइटमध्ये ही द्रव्ये अधिक, तर आपल्या काळ्या पाषाणात कमी असतात. तथापि ओट्याच्या एका फरशीपासून होणारी भर सहसा नगण्यच होय. केरळातील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त वाळूमुळे ही मात्रा पुष्कळच अधिक आहे. परंतु तेथील रहिवाशांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जमिनीतील किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

खरी सावधगिरी हवी ती रेडॉन वायूविषयी. युरेनियमच्या विघटनातून रेडियम व रेडियमपासून हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. तो मुख्यतः घराखालच्या मातीतून, जमिनीच्या भेगांवाटे आत येतो. थोडा भिंतींतूनही येतो. उघड्यावर तो विरून जातो, कोंदट खोलीत साचतो आणि श्वासावाटे फुप्फुसांत पोहोचतो. धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते महत्त्वाचे कारण मानले जाते. विडी ओढणाऱ्यास तर हा धोका कित्येक पटींनी अधिक.

उपाय साधा आहे. जमिनीच्या भेगा बुजवाव्यात, समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडाव्यात. जुन्या धाब्याच्या घरांना झरोका असे. नव्या सिमेंटच्या घरांत थंडीच्या दिवसांत सारे बंद असते, हे ध्यानी घ्यावे.

वर्गात एक उदबत्ती लावून खिडक्या प्रथम मिटून व मग उघडून, धूर किती वेळात जातो ते मुलांकडून मोजवून घ्यावे. वारा काय करतो, ते त्यांस दिसेल.

त्या मातेस मी एवढेच सांगितले, “ताई, ओटा राहू द्या, त्यावरची खिडकी तेवढी उघडी ठेवा.” आपणही भय नव्हे, असे ज्ञान घरोघरी पोहोचवावे, ही विनंती.