किरणतंत्रज्ञांचा व्यवसाय : संधी आणि सावधानता

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत डॉक्टर, इंजिनिअर आणि सी.ए. या तीनच शब्दांची चर्चा सुरू होते. वैद्यकीय प्रवेश हुकलेल्यांचा विचार उशिरा होतो आणि मग घाईत भलत्याच ठिकाणी शुल्क भरले जाते. म्हणून आज क्ष-किरण व किरणोपचार तंत्रज्ञांच्या व्यवसायाविषयी बोलण्याचे मी योजिले आहे.

सी.टी. स्कॅनचे चित्र आता क्षणात पुण्या-मुंबईस पाठविता येते आणि तेथील डॉक्टर अहवाल लिहितात. परंतु रुग्णाला यंत्रावर नीट झोपविणे, श्वास रोखावयास सांगणे, किरणांची मात्रा योग्य ठेवणे, हे काम जागेवरच करावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र वाचण्यास साहाय्य करू लागली आहे. कण्हणाऱ्या वृद्धाला कुशीवर वळविणे तिला जमणारे नाही.

कर्करोगावरील किरणोपचारात तर तंत्रज्ञाचे स्थान अधिकच मोलाचे. रुग्ण अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे येतो. त्याला रोज भेटणारा, कालच्याच स्थितीत अचूक झोपविणारा आणि त्याची भीती घालविणारा माणूस म्हणजे तंत्रज्ञ. हे क्षेत्र वाढतेच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र विकसित केले. खारघर येथील टाटा केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही सुरू झाले आहेत. यंत्र वाढले की ते चालविणारे हात लागतातच, आणि ते कोणाचेही चालत नाहीत. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मिळविण्यासाठी किरणोपचार केंद्राला पात्र तंत्रज्ञ दाखवावे लागतात.

येथेच सावधानतेचा मुद्दा येतो. गल्लोगल्ली सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांची दुकाने निघाली आहेत. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांविषयी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. या व्यवसायाचा समावेश त्यात आहे. त्यानुसार किमान २,००० तासांच्या पदविकेची वा पदवीची अपेक्षा आहे, तर वरच्या श्रेणीसाठी ३,६०० तासांची पदवी लागते. सहा महिन्यांत २,००० तास कसे भरणार, याचा हिशेब व्यापारी समाजाला मी काय सांगावा! ‘सोनोग्राफी तंत्रज्ञ’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरांवरच सोपविली आहे.

दुसरी अडचण आपल्याच मनातील आहे. ‘मुलगी किरणांत काम करते’ एवढ्यावरून ठरत आलेली सोयरीक मोडते, हे मी पाहिले आहे. वस्तुस्थिती काय आहे? तंत्रज्ञ शिशाच्या काचेआड किंवा जाड काँक्रीट भिंतींच्या पलीकडे उभा असतो. त्याच्या छातीवरील बिल्ला किरणांची मात्रा नोंदवितो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. गरोदरपण कळविल्यानंतर उर्वरित काळात गर्भासाठी ती केवळ १ मिलिसिव्हर्ट आहे. एम.आर.आय.मध्ये तर क्ष-किरण नसतातच, तेथे चुंबक असतो. नियम पाळणाऱ्या संस्थेत हे काम करणाऱ्या मुलीला नाकारण्यास वैद्यकीय आधार नाही.

वेतनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. लहान शहरातील खासगी केंद्रात प्रारंभी ते बेताचेच असते आणि रात्रपाळी चुकत नाही. किरणोपचार, पेट-सी.टी., एम.आर.आय. अशा शाखांत प्रावीण्य मिळविले की मागणी वाढते. परदेशाची दारेही उघडी आहेत, पण ब्रिटनमध्ये तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी लागते आणि कॅनडात राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. अशा ठिकाणी पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे प्रथम पाहिले जाते.

विश्वस्त मंडळास एक विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात या अभ्यासक्रमांचा समावेश व्हावा. पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : विद्यापीठाची संलग्नता, अभ्यासक्रमाचे एकूण तास आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण ज्या रुग्णालयात होणार त्याचे नाव. नंतर त्या रुग्णालयात स्वतः जाऊन तेथे विद्यार्थी दिसतात का, ते पाहून यावे.